जनाकाका, उतरा

नाय, घाबरले नव्हते मी. "पोरगी घाबरली आणि गाडी बंद करून बसली" असं ज्यांनी गावच्या ग्रुपवर टाकलंय ना, त्यांनी आधी हे वाचा. हसायचं ते नंतर हसा.

काल सकाळी, रोह्याला, आमच्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये. मी तिथे फोर्कलिफ्ट चालवते... पेणच्या कॉलेजात बी.ए. करून, स्वतःच्या हौसेनं. दारात ट्रेलर उभा, आणि त्यात चढवायची मशीनची एक मोठी पेटी. माझी गाडी दोन टनांपर्यंतच उचलणारी. पेटीवर वजनच लिहिलेलं नव्हतं. सुपरवायझर मोरे साहेब म्हणाले, "दोनच्या आतच असेल, उचल."

पुढच्या पात्यांवर घेऊन वीतभर उचलली... तर मागची चाकं जमीन सोडायला लागली. फोर्कलिफ्ट वळते तीच मागच्या चाकांवर. स्टिअरिंग हातात एकदम पोकळ झालं.

पेटी परत खाली टेकवली. तेवढ्यात मागून आवाज, "गाडी उलाळली गो. थांब, आमी बसतो."

जनाकाका. लोडिंगला आहेत, आमच्या कासू गावचेच, शेजारचे. ही नोकरी मला त्यांनीच सुचवली. ते आणि अजून एक जण गाडीच्या मागच्या बाजूला चढून बसलेसुद्धा... पाय सोडून, तंबाखू मळत.

ज्याने बैलगाडी पाहिलीय त्याला हे कळेल. भाताचे भारे मागे जास्त झाले की जू वर जातं, मग दोघं पुढे सरकून बसतात आणि गाडी सरळ. काकांनी जन्मभर हेच केलं. त्यांच्या डोक्यात ती मदतच होती.

मी चावी काढली. "काका, उतरा."

"का गो? आमचा वजन कमी पडतंय व्हय? उद्या दोन भाकऱ्या जास्त खाऊन येतो."

सगळे हसले. मोरे साहेबपण. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात परमनंट व्हायचंय ना तुला?"

तुमच्या ग्रुपवरची गोष्ट इथेच संपते. माझी नाय संपत.

मी म्हटलं, "काका, बैलगाडीवरून पडलात तर खाचरात पडाल. इथे पेटी घसरली की गाडीचा मागचा भाग दाणकन खाली येणार, तुम्ही उडून काँक्रीटवर. आणि चालवत मी असेन. मग काकूला काय सांगू... परमनंट झाले म्हणून?"

काकांचा तळहातावरचा अंगठा थांबला. मग ते उतरले. हळूच, गुडघा सांभाळत, सगळ्यांच्या देखत. साहेबांना एवढंच म्हणाले, "पोर नाय उचलत म्हणते. मोठी गाडी मागवा."

दुपारी शेजारच्या प्लांटमधून मोठी फोर्कलिफ्ट आली. पेटी चढली. मागे कुणाला बसावं लागलं नाय.

परमनंट करतील, नाय करतील... साहेब त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पण चढून बसायला कुणाला फार विचार करावा लागत नाय ओ. हसणाऱ्यांसमोर खाली उतरायला मात्र करावा लागतो. काका, थँक यू.

आज तशीच दुसरी पेटी यायचीय. आत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तोवर तुम्ही बोलत बसा. चावी माझ्या खिशात आहे. निघाले.