निझवात जावयाची पारख

निझवा बघायला आम्ही ओमानमधलं बरका गाव सोडलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि माझा संशय माझ्याही आधी उठून बसला होता. गाडी चालवत होता इम्तियाज. मूळचा हर्णैचा, बरक्यात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. माझ्या लेकीला, रुबिनाला तो पसंत होता. माझा होकार तेवढा अडला होता, म्हणून मी श्रीवर्धनहून थेट ओमान गाठलं. आमच्या भाचीचा गल्फवाला नवरा आधीच एक बायको करून बसलेला निघाला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

“गाडी कोणाची रे?”

“अर्बाबची (मालकाची), चाचा. आजच्यापुरती मागून घेतली.”

स्थळ म्हणून पाठवलेल्या फोटोत मात्र हाच या गाडीला टेकून ऐटीत उभा होता! म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

निझवा म्हणजे इमामांचं जुनं, पवित्र शहर. चहूकडे उघडेबोडके डोंगर, मध्येच खजुरांची गर्द बाग आणि किल्ल्याचा अवाढव्य गोल बुरूज. शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार भरला होता. गिऱ्हाइकं गोल करून बसलेली, मालक बकऱ्या फिरवतायत, घेणारा जबडा उघडून दात बघतोय. मला हेवाच वाटला. जावयाचे दात कसे बघायचे?

हलवा आणि कहवा (वेलचीची कडू कॉफी) घेताना इम्तियाजचा फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा तो उठून लांब गेला. हलवा मला गोड लागेना.

जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाला किल्ल्याजवळच्या मोठ्या मशिदीत गेलो. दारात तो म्हणाला, “चाचा, इथली पद्धत जरा...”

“नमाज मला शिकवू नकोस.”

आत छान गारवा होता. नमाज सुरू झाली. मी हात बांधले. आजूबाजूचे सगळे हात खाली सोडून उभे. इमामांची फातिहा (कुराणातली पहिली सुरा) संपली आणि कोकणातल्या सवयीनं मी दणक्यात म्हटलं, “आमीन!”

एकटाच! इथले इबादी पंथाचे लोक नमाजात आमीन म्हणतच नाहीत. एवढ्या मोठ्या मशिदीत माझाच आवाज घुमला. या अल्ला, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या रकातला (नमाजाच्या दुसऱ्या फेरीला) मी ओठ घट्ट मिटून घेतले. फातिहा संपली. तोच शेजारून खणखणीत आवाज आला, “आमीन!”

इम्तियाज! पहिल्या वेळी तो गप्प होता. पाच वर्षं इथं काढलेला माणूस, त्याला सगळं ठाऊक होतं. माझी लाज त्यानं चारचौघांत वाटून घेतली. माझे डोळे भरून आले.

परतताना मी तोंडावरच विचारलं, “इथं बायको आहे का तुला?”

“नाही हो चाचा!” तो लाजून लाल झाला. “फोन दुकानातून होते. तुमच्यासमोर पाइपांचे भाव काय सांगत बसू?”

संध्याकाळी घरी फोन लावून होकार कळवला. बायको म्हणाली, “चौकशी नीट केलीत ना? कोणाकोणाला विचारलंत?”

“कोणालाच नाही,” मी म्हटलं. “त्याच्या शेजारी उभा राहून आलो.”