सोळा माणसं, एक घसा

बँकॉकहून परत आल्यापासून आमच्या दुकानात किस्से साचत चालले आहेत. कळंबला बाबांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. कुणी युरियाची गोणी न्यायला येतं, बाकावर टेकतं आणि विचारतं, "काय मग, कसं काय बँकॉक?" मग आतून चहा येतो आणि एक किस्सा होतो. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच किस्सा थोडा वाढवून मिळतो. परवा मी ऐकलं की आमच्याबरोबर आलेल्या पणदऱ्याच्या तात्यांनी तिथं मगर धरली होती! तात्यांनी मगर लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. त्या दिवशी त्यांना चप्पल चावली होती, म्हणून ते बसमध्ये झोपले होते.

म्हणून जे माझ्यासमोर घडलं तेवढंच सांगते. तसं सगळंच माझ्यासमोर घडलं. आम्ही सोळा जण होतो आणि इंग्रजी बोलायला मला पुढं करत होते. बाकीच्यांना अजिबात येत नव्हतं असं नाही. पण "अनू हाय की!" असं एकदा म्हटल्यावर कुणी तोंडच उघडेना.

मी मराठीतसुद्धा फारशी बोलत नाही. वर्गात हजेरी देतानाही बाई दोनदा नाव घेतात.

*

खताची एक कंपनी चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना दर वर्षी सहलीला नेते. इतकी वर्षं ही सहल फक्त पुरुषांची असायची. "बँकॉक" म्हटलं की दुकानात बसलेली माणसं एकमेकांकडे बघून हसायची आणि मी आत आले की गप्प व्हायची.

यंदा पणदऱ्याच्या माईंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, दुकानदारांच्या भर बैठकीत विचारलं, "दरसाल जाताय, तर तितं बघायला नेमकं काय हाय? आमालाबी दावा की!"

बैठक तिथंच उठली. मग एकेकाच्या घरून निरोप यायला लागले. शेवटी यादीत सात बायका झाल्या आणि सहलीत देवळं वाढली!

आमच्या घरातून आई-बाबा जाणार होते. पण नेमकी त्याच आठवड्यात उसाला तोड आली. टोळी फडात उतरली की मालकाला हलता येत नाही. एकदा पाळी गेली की ऊस वाळत उभा. बाबा म्हणाले, "माझ्या जागी अनूला न्या. सेमीला हाय, नववीत हाय. बोलंल सगळ्यांच्या वतीनं."

ते "सगळ्यांच्या वतीनं" त्यांनी किती सहज म्हटलं होतं!

*

हॉटेलात पाय ठेवून अर्धा तास झाला नव्हता, तोच तात्या दारात. अंगावर बनियन, खांद्यावर टॉवेल.

"अनू, हितं आंघुळीला नुसतं वरनं पानी पडतंय. बादली न्हाय, तांब्या न्हाय. जरा सांग खाली."

मी जिन्यात उभी राहून वाक्य पाच वेळा मनात म्हटलं. काउंटरवरची मुलगी छान हसली, "यस, यस, बकेट," म्हणाली आणि वर पाठवते असं तिनं हातानं दाखवलं. मला इतकं बरं वाटलं!

दहा मिनिटांनी तात्यांच्या खोलीत चकचकीत स्टीलची एक बादली आली. घागरीच्या निम्मीसुद्धा नव्हती. आत बर्फ होता आणि वर एक चिमटा.

तात्यांनी चिमटा उचलून बघितला. "ह्ये कशापायी?"

माई म्हणाल्या, "तुमचं कान धरून घासायला!"

तात्यांनी बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि पाचही दिवस त्याच बादलीनं आंघोळ केली. परत येताना बादली हॉटेलात ठेवावी लागली याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

*

आमच्या खोलीची खिडकी कालव्यावर उघडत होती. आपल्याकडच्या कालव्यासारखाच, दोन्ही बाजूंनी बांधलेला, पाणी मात्र काळं. त्यातून लांबलचक बोटी जायच्या. आपल्याकडं एसटी असते तशाच. पहिल्या सकाळी मी पाहिलं, तर धक्क्यावर शाळेच्या मुली उभ्या होत्या. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, पाठीला दप्तर. बोट धड थांबतसुद्धा नव्हती. मुली दोरीला धरून टुणकन आत जात आणि बोट निघून जाई. पाणी अंगावर उडू नये म्हणून बोटीच्या कडेला ताडपत्री होती. कडेला बसलेला माणूस दोरी ओढून ती वर करायचा.

मला बँकॉकमध्ये एवढंच करायचं होतं. त्या बोटीत कडेला बसायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायचं. कुणाशी बोलायचं नाही.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ की. उद्या."

आमचा गाईड सोम याला विचारलं, तर तो हसायला लागला. त्याला हिंदीतलं "चलो चलो" आणि "जल्दी जल्दी" एवढं येत होतं, बाकी मोडकं इंग्रजी. "नो टूरिस्ट! ऑफिस पीपल!" तो म्हणाला आणि आम्हाला टूरिस्ट असतात तिथं घेऊन गेला.

*

तिथं म्हणजे पाण्यावरच्या बाजारात. बायका होड्यांतून फळं विकत होत्या. बाकीचे फोटो काढत होते. कळसचे बापूराव पायरीवर उकिडवे बसून एका होडीतले पेरू बघत होते. दुकानाशिवाय त्यांची स्वतःची पेरूची बाग आहे.

"अनू, इचार, कलम कुठलं हाय? एका झाडाला किती सुटत्यात?"

मी विचारलं. होडीतल्या मावशींना इंग्रजी कळेना. बापूराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तू दमलीस. भाषा न लागणारा सौदा मला येतोय."

बापूराव बैलांच्या व्यवहारात असतात. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. बापूरावांनी खांद्यावरचा टॉवेल मावशींच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली.

मावशी जरा दचकल्या. मग त्यांना काहीतरी उमगलं. त्या सरसावून बसल्या.

बापूरावांचा चेहरा आधी व्यापाऱ्याचा होता. मग गोंधळलेला झाला. मग डोळे मिटले. टॉवेलखालून कट, कट, कट असा आवाज आला. मावशींनी तळवा दाबला, पाचही बोटं ओढून मोडली आणि दुसरा हात मागितला! बँकॉकात अनोळखी माणूस हात पुढं करतो तो मालिशसाठीच, अशी त्यांची समजूत असावी.

माई पुलावरून ओरडल्या, "बापूराव, बसला का सौदा?"

डोळे न उघडता बापूराव म्हणाले, "सौद्याचं मरू दे माई, खांदा मोकळा झाला!"

त्यानंतर अकरा जणांना हात दाबून घ्यायचा होता. प्रत्येकाला कुठं दुखतं ते मावशींना मी खुणेनं सांगितलं. हॉटेलवर आलो तेव्हा बोटींत गर्दी मावत नव्हती. आई म्हणाली, "आता नको. उद्या."

*

राजवाड्याच्या दारात वेगळंच झालं. तात्यांनी त्या दिवशी पांढरं धोतर, टोपी आणि कोल्हापुरी असा थाट केला होता. ती कोल्हापुरीच पुढं चावली. एक गोरी बाई आली आणि तिनं मला विचारलं, ह्यांच्याबरोबर फोटो काढू का?

तात्या ताठ उभे राहिले. मग तिच्या मैत्रिणी आल्या. मग जपानी की कोरियन, एक अख्खा घोळका आला. राजवाड्याकडे पाठ करून लोक तात्यांचे फोटो काढायला लागले! उन्हात रांग लागली. सोम "जल्दी जल्दी" करून थकला.

एका म्हाताऱ्या गोऱ्या आजोबांनी विचारलं, हे कुठले?

तात्या म्हणाले, "सांग, मुक्काम पोस्ट पणदरे, तालुका बारामती, जिल्हा पुणे. खताचं दुकान, ऊस आन दूध. सोसायटीचा सभासद."

मी म्हटलं, "इंडिया."

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "एवढंच? अगं मी केवढं बोललो!"

*

आई मात्र मला काहीच विचारायची नाही. हॉटेलच्या कोपऱ्यावर एक बाई फुलांच्या माळा करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आई दिसेना म्हणून मी खाली गेले, तर आई तिच्या शेजारी स्टुलावर बसून गजरा बांधत होती. ती बाई सुईनं ओवत होती, आई नुसत्या दोऱ्यानं गाठी मारत होती. त्या बाईनं आपलं काम थांबवलं होतं आणि आईच्या अंगठ्याकडं बघत बसली होती.

"काय बोललीस तिच्याशी?" मी विचारलं.

"काय बोलायचंय त्यात?" आई म्हणाली. "फुलं सुकत्यात."

*

चौथ्या दिवशी दुपार मोकळी होती. सोमनं स्वतः सांगितलं, "फ्री टाइम!" मी चपला घालून दारात उभी होते.

तेवढ्यात माई आल्या. "अनू, माझ्या अंगात कणकण हाय गं. औषधाच्या दुकानात चल."

कणकणीला इंग्रजीत काय म्हणतात? मी रस्ताभर विचार केला. ताप नाही, पण येईल असं वाटतं. थंडी नाही, पण वाजते. दुकानातल्या ताईंना मी म्हटलं, "लिटल फीवर, बट नॉट फीवर." त्यांनी माईंच्या कपाळासमोर यंत्र धरलं. ताप नव्हता. तसं त्यांनी दाखवलं.

माईंनी यंत्राकडे तुच्छतेनं पाहिलं. "त्याला काय कळतीय कणकण! पुन्ना सांग तिला, नीट सांग."

मी तीन वेळा सांगितलं. शेवटी ताईंनी एक हिरवी कुपी दिली, हुंगायची. माईंनी ती हुंगली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "आता कसं! कळली हिला कणकण!"

तिथून परत येईपर्यंत बातमी पसरली होती. बापूरावांना तसलीच कुपी पाहिजे होती. आणखी तिघांना पाहिजे होती. एकीला जावेसाठी साबण, एकाला मोबाईलची पिन. मी त्या दुकानात पाच वेळा गेले. पाचव्यांदा ताईंनी मला खुर्ची दिली.

संध्याकाळी मी खिडकीत बसले. माझा आवाज खरोखर दुसऱ्या कुणाचा असावा तसा येत होता. आई शेजारी येऊन उभी राहिली. बोटी जात होत्या. त्या दिवशी आई "उद्या" म्हणाली नाही. उद्या शेवटचा दिवस होता.

*

शेवटच्या सकाळी नाश्त्याला सगळे जमले. दहाला बस निघणार होती, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात. दुपारी विमानतळ.

तात्या म्हणाले, "अनू, जरा त्या पोराला इचार..."

"तिचा घसा बसलाय," आई म्हणाली.

चार दिवसांत आईनं सगळ्यांसमोर म्हटलेलं हे पहिलंच वाक्य असेल.

"कधी?" तात्यांनी विचारलं.

"आत्ता."

मी तोंड उघडणार होते, ते मिटलं. तात्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाले.

मग उपाय सुरू झाले. माईंनी पिशवीतून ज्येष्ठमध काढलं. बापूरावांनी लवंग दिली. मीठ-पाणी आलं आणि मला सगळ्यांदेखत गुळण्या कराव्या लागल्या. हिरवी कुपीसुद्धा नाकाला लागली. खोटं बोलणं इतकं तिखट असेल असं वाटलं नव्हतं.

"मी थांबते हिच्यापाशी," आई म्हणाली. "तुमी सगळे या जाऊन."

बस निघाली. आम्ही दोघी हॉटेलच्या दारात उभ्या होतो. बस पन्नास पावलं गेली आणि थांबली. तात्या आणि माई खाली उतरले.

"आजारी पोर घिऊन एकटी कशी ऱ्हाणार तू?" तात्या म्हणाले. "आमी हाय संगं."

आईनं एक मोठा श्वास सोडला. मला रडू यायला लागलं होतं. पण आई माझा हात धरून तशीच धक्क्याकडं चालायला लागली. मागून माई विचारत होत्या, "अगं, आजारी पोरीला घिऊन कुठं चाललीस? पान्यावर?"

"गार वारं चांगलं असतं घशाला," आई म्हणाली.

असलं औषध आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. पण तात्या म्हणाले, "असतं, असतं."

बोट आली. माईंना तात्यांनी जवळजवळ उचलून आत घेतलं. मी कडेला बसले. डोक्यावर हेल्मेट घातलेली कंडक्टर बाई बाहेरच्या काठावरून, एका हातानं दोरी धरून, चालत आली आणि तिनं काहीतरी विचारलं. सवयीनं माईंनी माझ्याकडे बघितलं. मी घशाला हात लावला.

तात्या उठून उभे राहिले, हात समोर लांब केला आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तसे म्हणाले, "बाई, चार! ह्या पान्याच्या श्येवटापतूर!"

बाईनं चार तिकिटं फाडली.

इतकं सोपं होतं? मग चार दिवस मी कशाला बोलत होते?

शेजारी शाळेची एक मुलगी बसली होती. समोरून दुसरी बोट आली, तसं तिनं मला कोपरानं ढोसलं आणि दोरी दाखवली. मी ओढली. ताडपत्री वर आली, पाणी तिच्यावर आदळलं. मग ती सोडली. घरांच्या मागच्या बाजू जात होत्या. वाळत घातलेले कपडे, कुंड्या, भांडी घासणारा एक माणूस, पायरीवर झोपलेलं मांजर. मध्येच एका धक्क्यावर सगळे उतरून दुसऱ्या बोटीत बसले, म्हणून आम्हीही बसलो. ती मुलगी तिथून निघून गेली. कुणी मला काही विचारलं नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही.

शेवटचा थांबा आला. माणसं उतरली. बोट रिकामी झाली. माई उठून पदर सावरायला लागल्या. तात्या मात्र पाण्याकडं बघत बसून राहिले.

"उठा की," माई म्हणाल्या. "आला की श्येवट."

तात्यांनी मान वळवली नाही.

"पोरीचा घसा अजून सुटला न्हाय," ते म्हणाले. "आणिक एक फेरी मारू, मग बघू."