विहिरीचे सहा दाणे

खाडीकाठच्या त्या गावात पूर्वी खारं पाणी अडवणारा बांध फुटून खांडी पडल्या की देवळासमोर सभा बसायची आणि ज्याचा आवाज मोठा, त्याची खांड आधी बुजायची. मैनाकाकी बांधाच्या कमिटीची अध्यक्ष झाली आणि तिनं ही आरडाओरड बंद केली. तिची रीत साधी होती. काय किती महत्त्वाचं ते आधी ठरवायचं, त्याला तितके वालाचे दाणे द्यायचे आणि मग ते दाणे खांडींत वाटून, जिच्या वाट्याला जास्त ती आधी बुजवायची. पहिल्यांदा लोक खो खो हसले. पुढच्या वर्षी घरून वाल घेऊन आले.

यंदा भाद्रपदात दोन खांडी एकदम पडल्या. अमावास्येचं उधाण चार दिवसांवर आणि माणसं जेमतेम एका खांडीपुरती. उत्तरेची खांड पिण्याच्या विहिरीला लागून होती. दक्षिणेच्या खांडीमागे पोटरीला आलेलं भात होतं, त्यात मैनाचं होतं नव्हतं तेवढं सगळं.

विहिरीला लोक चार दाणे म्हणाले. मैना हट्टाला पेटली. "पानी खारं झालं तं गाव काय पिल? सहा!" भांडायला लागली की तिला पुढचं दिसत नसे. शेताला चार ठरले, काम सोपं असण्याला दोन. मग वाटणी झाली. विहिरीचे सहाही उत्तरेला गेले, आणि तिथल्या थोड्या शेतासाठी शेताचा एक. दक्षिणेला शेताचे तीन आणि सोपेपणाचे दोन. सात आणि पाच.

म्हणजे आधी उत्तर, आणि मैनाचं भात उघडं. पुतण्या जीवन हळूच म्हणाला, "काकी, विहिरीचं दोन कमी करू. बरोबरी झाली का अध्यक्षाचा, म्हंजे तुझाच शब्द. कोन न्हाय बोलनार."

खरंच कोणी बोललं नसतं. मैनानं दोन दाणे उचललेसुद्धा. मोह झाला तिला, चांगलाच झाला. मग तिनं ते परत ढिगात टाकले आणि जीवनवरच खेकसली, "फावडा घे न् चल उत्तरेला!"

उधाण आलं, तिचं भात गेलं.

दिवाळीनंतर मैनानं जन्मात पहिल्यांदा दुकानातून तांदूळ आणला. दुकानदारानं कुठला देऊ विचारलं, तर तिनं जवळच्याच पोत्यावर बोट ठेवलं. घरी सून प्राप्तीनं विहिरीच्या गोड पाण्यात तो शिजवला. पहिला घास तोंडात फिरत राहिला आणि मैना रडू लागली.

"सहा मीच बोल्ले होते गं," ती म्हणाली, आणि जेवली.