धरू का शूट करू

माझ्या नवऱ्याचा खालचा दात मी पाडला तेव्हा मी गाढ झोपले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. स्वप्नात एक माणूस छातीवर बसून माझा गळा आवळत होता. हाताला लागलं ते उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. जाग आली तेव्हा माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, उशी भिजली होती आणि नवरा मोरीत वाकून रक्त थुंकत होता. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, काही नाही, झोप तू.

त्याची ही काही नाही म्हणायची सवय माझ्या डोक्यात जाते. दात पडलाय आणि काही नाही. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आम्ही लातूरकडचे. आता हिंजवडीच्या पुढं राहतो. कासारसाई धरणाच्या अलीकडे रस्त्याला लागून पाच खोल्यांची एक ओळ आहे, त्यातली पहिली खोली आमची. आमच्या भिंतीला भिंत लावून मालकिणीचं घर. मी रात्रपाळीला घरूनच काम करते, परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि सकाळी आठला झोपते. नवरा हिंजवडीत एका मोठ्या इमारतीच्या देखभालीवर आहे, तो दुपारी दोनला निघतो. मधल्या वेळात तो स्वयंपाक करतो आणि मला सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मी भिंतीवर डोकं आपटायला लागले की धावत येऊन धरतो, आणि धरणाराच मार खातो.

हे सगळं दीड वर्षापूर्वी सुरू झालं. नवरा लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबांची गंमत सांगत होता. मी हसले आणि माझे गुडघेच गेले. पोह्यांची कढई घेऊन खाली बसले, हातावर फोड आले. शुद्ध गेली नव्हती. सगळं ऐकू येत होतं, फक्त जबडा लोंबत होता आणि बोट हलत नव्हतं. मिनिटभरात सगळं परत आलं. मग ते वरचेवर व्हायला लागलं. हसले की, दचकले की, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रागावले की. मी रागीट बाई आहे, आमच्या घरात सगळ्याच आहेत. भांडायला उभं राहावं, पहिला शब्द तोंडात यावा आणि जीभ लुळी पडून आपणच खाली बसावं, यासारखा अपमान नाही. त्यात झोप. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता झोपायचे, आणि आठला अंथरुणावर पडल्यावर मात्र ती छातीवर बसणारी माणसं यायची. कुणी कुऱ्हाड घेऊन, कुणी कुत्री सोडून. मी त्यांना चावायचे, लाथा घालायचे. जागी झाल्यावर ते वळ नवऱ्याच्या अंगावर असायचे.

डॉक्टर पुष्कळ झाले. एकाने ताकदीची इंजेक्शनं दिली. एकाने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. मेंदूचा फोटो काढला, रक्त काढलं, सगळ्याचा रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल या शब्दाची मला शिसारी बसली आहे. घरात रोज मारामारी चाललीय आणि कागद म्हणतो नॉर्मल. सासूबाईंनी फोनवर बाहेरचं काही असेल म्हणून सुचवलं, तेव्हा मी फोन आपटायला हात उचलला आणि तो तसाच खाली पडला.

शेवटी पुण्यात एक नसांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मला एक शंका आहे, म्हणाल्या, पण झोपेची तपासणी झाल्याशिवाय नाव घेणार नाही. तपासणीला एक रात्र आणि एक दिवस तिथं राहून झोपायचं होतं आणि तारीख दीड महिन्यानंतरची होती. दीड महिना म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तेवढ्या दिवसांत मी याचा डोळा फोडेन अशी मला खात्री होती. बाई म्हणाल्या, झोपेत जे करता त्याचा व्हिडिओ आणा, मग मधे कुठं घुसवता येतं का बघते.

घरी आल्यावर नवऱ्याने फोन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "मी शूट करू का तुला धरू?"

प्रश्न खराच होता. एक दिवस त्याने फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवला. संध्याकाळी मी तो व्हिडिओ पाहिला. खोली दहा बाय बाराची. पूर्ण चित्रात फक्त त्याची वाकलेली पाठ दिसत होती, तिच्याखाली मी पाय झाडत होते आणि जिवाच्या आकांताने ओरडत होते. तो मधून मधून गप, गप म्हणत होता.  बाईला मारणारा माणूस दिसतो तो हुबेहूब असाच दिसतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याने तो व्हिडिओ पुसून टाकला.

भिंतीपलीकडे मालकीण हेच रोज ऐकत होती, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

मालकीण विधवा, साठीच्या आतली, दोन मुलं लग्नाची राहिलेली. रस्त्याकडची थोडी जमीन विकून तिने खोल्या बांधल्या, धरणाच्या अंगाची भातखाचरं ठेवली. गौरीला मला लातूरला जाता आलं नाही म्हणून मी दारात रडत बसले होते. तिने हाताला धरून घरात नेलं, गौरीपुढं बसवलं, विधवेनं भरू नये म्हणतात तरी खण-नारळ-तांदूळ घालून माझी ओटी भरली आणि म्हणाली की आजपासून हे तुझं माहेर. मी ते प्रेमाचं बोलणं समजले. वाकून पाया पडले, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन घरी आले. मावशी म्हणायचे, त्या दिवसापासून आई म्हणायला लागले. माहेर झालं की भाऊही होतात आणि भावांना कामं असतात, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरात भात कापणीला आलं होतं. त्या आठवड्यात मी झोपेत भिंतीवर तोंड आपटलं. ओठ फाटला, डोळ्याखाली काळंनिळं झालं. दुपारी कपडे वाळत घालताना मालकिणीने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मी खरं तेच सांगितलं, झोपेत लागलं म्हणून. तिने हनुवटी सोडली नाही.

"मी बी असंच सांगायची," ती म्हणाली. "गोठ्यात पडले, उंबऱ्यात पडले. माझं भाऊ सायकलीवरनं यायचं, च्या पिऊन जायचं. कुनी इचारलं न्हाई."

मी घाईघाईने सांगू लागले की तसं नाही, मला आजार आहे, तपासणी व्हायची आहे. ती मान हलवत होती, पण तिने ऐकलं नव्हतं. तिच्या आयुष्यात हेच वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते खरं असू शकतं, हे तिला सुचणार कसं?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी ओरडायला लागले, नवरा नेहमीसारखा धरायला आला आणि दार लाथेनं उघडलं. मला जाग आली तेव्हा मालकिणीच्या थोरल्याने नवऱ्याची गचांडी धरून त्याला ओट्यावर आपटलं होतं. धाकट्याच्या हातात बैल हाकायची चिव्याची, भरीव बांबूची काठी होती. ती पहिल्यांदा पाठीवर बसली तो आवाज मी विसरणार नाही. कुकर खाली पडला, निवलेल्या वरणाचा सडा झाला. नवरा हात वर करून सांगत होता, दादा, ती झोपेत मारते, मी धरतो फक्त. त्यावर थोरल्याने त्याच्या तोंडात मारली. मारून वर बायकोवरच घालतोस, म्हणून आणखी मारली. त्याचं खरं बोलणं त्याला चोपायला कारण झालं.

मी उठले. सोडा त्याला, एवढंच म्हणायचं होतं. संताप उसळला आणि दुसऱ्याच क्षणी गुडघे गेले, मान पुढं पडली. मी वरणात पालथी पडले. डोळे अर्धे उघडे होते. फरशीवरून मला नवऱ्याची पावलं दिसत होती, काठी वर जाताना आणि खाली येताना दिसत होती. सगळं ऐकू येत होतं. तोंडात शब्द तयार होता आणि जीभ मेलेली होती. मालकीण ओरडली, बघा, हान-हानून पोरीची काय दशा केलीया. मग काठी आणखी जोरात बसायला लागली. मी पडले होते म्हणून तो जास्त मार खात होता. तो तेव्हा मारणाऱ्यांकडं बघतही नव्हता. माझं नाक वरणात बुडतंय म्हणून तिला उताणी करा, तिला उताणी करा, असं ओरडत होता.

मालकिणीने मला उताणी केलं, फेफरं समजून कांदा फोडून नाकाला लावला. कांद्याचा वास मला येत होता. मिनिटभराने हात आला. मी पहिली गोष्ट केली ती ही, की धाकट्याच्या हातातली काठी हिसकली आणि थोरल्याच्या खांद्यावर घातली. शुद्धीत, जाणून मारलेला माझ्या आयुष्यातला तो एकच फटका. तो बसला न बसला तोच मी पुन्हा खाली. आता मात्र खोलीत सगळे थांबले. मला कुणी हात लावला नव्हता आणि मी पडले होते.

जीभ आल्यावर मी सगळं सांगितलं. दात कसा पडला, दंडावरचे चावे कुणाचे. नवऱ्याचा सदरा वर करून दाखवला. थोरल्याने पडलेला कुकर उचलून ओट्यावर ठेवला. मालकिणीचा तरीही विश्वास बसला नाही. नवऱ्याला वाचवायला बाई काय काय रचते ते तिला माहीत होतं. निघताना ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या मी बसते हिच्यापाशी. तू भाईर थांब."

त्या दिवशी तो कामाला गेला नाही. पाठीला हळद लावताना मी त्याला म्हटलं, लातूरला जा काही दिवस, नाहीतर मीच जाते, माझ्याजवळ राहून तू मरशील. तो पालथा पडून होता. म्हणाला, तू गेलीस तर तुला धरील कोण, आणि मग म्हणाला की उद्या धरायला दुसरं माणूस आहे, उद्या शूट होईल. माझी पाठ मोडली त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे, म्हणाला. मला हसू आलं आणि हळदीची वाटी घेऊन मी तिथंच आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी आठला मालकीण पदर खोचून अंथरुणाशी येऊन बसली. नवरा मागच्या खिडकीबाहेर फोन धरून उभा. पुढचं मला ठाऊक नाही, मी झोपले होते. दुपारी उठले तेव्हा मालकिणीच्या ओठाला सूज होती आणि गळ्यातली तुळशीची माळ तुटून मणी घरभर झाले होते. थोरला आणि धाकटा ओट्याजवळ उकिडवे बसून एकेक मणी वेचत होते. ती नवऱ्याला म्हणाली, लई जोर हाय हिच्यात, आणि घरी जाऊन टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन आली. जावयाचा मान म्हणून त्याच्या डोक्यावर टोपी घातली.   तो टोपी घालून दोन वाजता कामाला गेला.

व्हिडिओ पाहून डॉक्टरीणबाईंनी पुढच्याच सोमवारची तारीख दिली. नाव अजूनही घेतलं नाही. ते कळेल तेव्हा कळेल. बॅग भरून ठेवली आहे आणि तोवर रोज सकाळी मालकीण येऊन बसते.

तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. त्यात मी डोळे मिटून उठून बसते आणि मालकिणीच्या तोंडावर दोन्ही मुठींनी मारते. केस मोकळे, दात विचकलेले, माझी मलाच ओळख पटेना. आणि मी ओरडत असते. आदल्या दिवशी वरणात पडून जे म्हणता आलं नव्हतं तेच, अगदी स्पष्ट. सोडा त्याला. त्यानं काही केलेलं नाही. सोडा त्याला. दारात ती दोन्ही पोरं येऊन उभी राहिलेली दिसतात. मालकीण मार चुकवत नाही. माझी दोन्ही मनगटं धरते आणि तिचं तोंड माझ्या कानाशी जातं.

"सोडलं गं लेकी," ती म्हणते. "न्हाई मारत कुनी त्याला. सोडलं."

मग व्हिडिओत माझे हात खाली येतात.