श्यामलाबाईंचा अंगठा

कोलकात्याच्या बागबाजारातल्या गल्लीत श्यामलाबाईंना सगळे फिजिक्सच्या दीदीमणी, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणतात. तीस वर्षं त्यांनी मुलींना इंजिन शिकवलं, तेही फळ्यावर, खडूनं. खऱ्या इंजिनाला हात लावायची वेळ निवृत्तीनंतर आली, आणि ती आणली त्यांच्या भावानं.

दारातली अँबॅसेडर बाबांची. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. गार्डन रीचच्या गोदीत जहाजं बांधण्यात जन्म घालवलेल्या अशोकदादानं एक दिवस फर्मान काढलं, "रविवारी दहाला भंगारवाला येईल. तोवर चालू झाली तर तुझी, नाहीतर त्याची."

याच गाडीतून बाबांनी बाईंना पहिल्या दिवशी कॉलेजात सोडलं होतं. तिचे तुकडे झालेले त्यांना बघवले नसते. पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. "बघच तू," एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचला.

आठवडाभर त्यांनी टाकी धुतली, बॅटरी बदलली, आणि चारही सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून लख्ख पुसला. त्याला फिरवणारा दांडाही उत्साहाच्या भरात उपसला. रविवारी सकाळी पुलीवरची खूण जुळवून, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या पार वर आणून, सगळं परत बसवलं आणि किल्ली फिरवली. फाट्! कार्बोरेटरातून असा बार निघाला की समोरच्या मिठाईवाल्यानं कढई सोडली.

साडेनऊला दादा आला, मागून दोर घेऊन भंगारवाला. पुन्हा किल्ली, पुन्हा बार. दादा हसला. "श्यामे, ही फळ्यावरची आकृती नाही गं, पुसून परत काढायला."

बाई चिडल्या, आणि चिडता चिडताच त्यांना फळा दिसला. त्यावर चार आकृत्या. दट्ट्या दोनदा वर येतो: एकदा वायू दाबायला, एकदा धूर हाकलायला. ठिणगी हवी ती दाबाच्या वेळी. "नुसता दट्ट्या वर बघून उत्तर लिहू नका," असं म्हणून त्यांनी तीस वर्षं मुलींचे मार्क कापले होते. आज स्वतः नुसती खूण बघून मोकळ्या झाल्या होत्या! असा संताप त्यांना कधी कुठल्या मुलीचाही आला नव्हता.

त्यांनी पहिल्या सिलिंडरचा ठिणगीचा प्लग काढला आणि त्या भोकावर अंगठा घट्ट दाबला. "दादा, हँडल मार."

"आता काय—"

"मार म्हणते ना!"

दादानं पुढून हँडल घातलं आणि फिरवलं. पहिल्या फेरीत खूण जुळली, अंगठा मात्र गप्प. पुढच्या फेरीत आतून वाऱ्यानं अंगठा असा उडवला की बाई ओरडल्याच, "हीच! थांब!" डिस्ट्रिब्युटर उतरवून, इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरणारा तो दांडा उपसून त्यांनी अर्धा फेरा फिरवून बसवला, वर डिस्ट्रिब्युटर परत चढवला, प्लग लावला. दहाला चार मिनिटं होती.

किल्ली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धरलं! मग असं एकसुरात चाललं की मिठाईवाला टाळ्या वाजवायला लागला. भंगारवाल्यानं मुकाट्यानं दोर गुंडाळला.

दादा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "बाबांच्या हातातसुद्धा इतकी गोड कधी वाजली नव्हती."

"खोटं बोलू नकोस," श्यामलाबाई म्हणाल्या. "पण परत एकदा म्हण."