बीजेच्या कोरीचा साक्षीदार

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो हे मी गेली बावीस वर्षं शहाद्यातल्या मुलांना शिकवतो आहे. पण खरं सांगायचं तर तो आमच्या मामेसासऱ्यांभोवती फिरतो. पृथ्वी मध्ये येते ती निव्वळ मामा प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात राहतात म्हणून. चंद्राने कधी उगवावं, कुठून उगवावं, किती अंग झाकून यावं, याची मामांना घरच्या सुनेच्या येण्याजाण्याइतकी माहिती असते, आणि तो वेळेवर आला की मामांच्या तोंडावर अशी तृप्ती पसरते, जणू त्यांनीच त्याला एसटीत बसवून दिलं होतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्यांची तीस-एक वर्षं गेली, तीही पाळ्यांवर. बाकीचे लोक पाळी बदलली की कुरकुरत; मामांना मात्र काट्यापुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या की आभाळाकडे पाहायला मोकळा वेळ मिळे. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल त्यांनी मामींना दिली, नारळ फोडला, आणि घड्याळ गोठ्यात टांगलं. म्हशींना उपयोगी पडेल म्हणाले.

त्यांचं सगळं तिथीवर चालतं. बांबू तोडायचा तर अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात, नाहीतर भुंगा लागतो. केस कापायचे तेही अंधाऱ्या पाखात, म्हणजे वाढ सावकाश होते. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "मामा, मी केस कधी कापू?" त्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्याकडे क्षणभर आदराने पाहिलं. "तुम्हले काय चिंता, जवाईबापू? तुम्हना डोकावर बाराही महिना पुनी शे!" मामींशी भांडायचं झालं तरी ते चतुर्दशीपर्यंत पुढे ढकलतात. मामींचं म्हणणं वेगळं आहे. "बीजले तोंड उघडतस, ते पुनीलगून मिटतस नही," असं त्या म्हणतात, आणि मी दोन्हीकडे मान डोलावतो. जावयाला तेवढंच काम असतं. आमच्या लग्नाचा वाढदिवसही मामांच्या लेखी चैत्र वद्य पंचमीला असतो, त्यामुळे त्यांचा फोन दरवर्षी निराळ्याच तारखेला येतो. मी तो दिवस दरवर्षी एकाच तारखेला विसरतो. बायकोच्या मते आमच्या दोघांत भरवशाचे मामाच.

आता माझी फजिती सांगायलाच हवी, कारण ती मी नाही सांगितली तरी शहाद्यात सांगणारे पुष्कळ आहेत. एकदा सकाळच्या शाळेत मी नववीला चंद्रकला शिकवत होतो. चंद्रकला शिकवताना मी रंगात येतो. एका हातात मोसंबं, दुसऱ्या हातात बॅटरी, खिडक्या बंद, आणि माझा आवाज तर असा, की शेजारच्या वर्गातले गुरुजी हजेरी थांबवतात. त्या दिवशी मामा काही निमित्ताने शाळेत आले होते. मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळा खेळ पाहिला आणि शेवटी हात वर केला. "गुरुजी, आते या टायमाले चांद कोठे शे?" सकाळचे नऊ वाजलेले. मी मोसंब्यासकट हसलो. "मामा, दिवसा चंद्र कुठला?" मामा उठले, अख्खा वर्ग मैदानात घेऊन गेले आणि कडुनिंबाच्या शेंड्यावर, पश्चिमेला, ताकातल्या लोण्यासारखा पांढुरका अर्धा चंद्र त्यांनी सर्वांना दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोसंबं मी मधल्या सुट्टीत खाऊन टाकलं, पुरावा नको.

शहाण्याने एवढ्यावर सावध व्हावं. मी उलट सूड घ्यायला निघालो. सातपुड्यातल्या एका पाड्यावर मामांचे दोस्त राहतात, जामसिंगदादा. पूर्वी ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर येत. वजनकाट्यापाशी गाडी अडकली की हे दोघे चंद्रावरून वाद घालत. तेव्हापासून दरवर्षी मामा जामसिंगदादांच्या गावच्या होळीला जातात, आणि एकही वर्ष त्यांनी चुकवलेलं नाही. मी आमच्या हेडमास्तरांना आणि दोन सहकाऱ्यांना म्हटलं, चला, मामांवाचून मीच तुम्हाला खरी डोंगरातली होळी दाखवतो. मामांनी बजावलं होतं, "जवाईबापू, त्यास्नी होयी कॅलेंडरले इचारीसन येस नही." मी म्हणालो, "मामा, होळी पौर्णिमेलाच असते, मी भूगोलाचा शिक्षक आहे." मामा म्हणाले, "तेच ते."

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही चौघे जामसिंगदादांच्या गावात गाडीतून उतरलो. वाटेत घाटभर मी ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू यांचं इतकं रसाळ वर्णन केलं होतं, की हेडमास्तरांनी उतरण्याआधीच मोबाईल उंच धरला होता. गावात एक शेळी होती. ती हेडमास्तरांच्या चित्रफितीत चार मिनिटं आहे. मग एक आजीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी समजावलं. इथे प्रत्येक गाव होळीसाठी आपापला दिवस धरतं. कुणी पुनवेच्या आधी, कुणी नंतर, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांच्या होळीला जाता येतं. आज सारं गाव पलीकडच्या गावाला नाचायला गेलेलं. "आमची तिसऱ्या रोजी," त्या म्हणाल्या, आणि पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून आम्हाला भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. हेडमास्तर परतीच्या घाटात तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून ते मला "पंचांगकर्ते" म्हणू लागले. अजून म्हणतात.

असा हा मी, आणि असे ते मामा. म्हणूनच गेल्या दीड वर्षात जे झालं ते मला उशिरा कळलं. साखर मामांच्या अंगात मुरली, असं ते स्वतःच म्हणतात. तीस वर्षं कारखान्यात काढली, थोडी तर चिकटणारच. तिने त्यांचे डोळे धरले. डॉक्टरांनी औषधं दिली, सुया झाल्या, आणि उरलं आहे ते सांभाळा म्हणाले. मामींनी मग एक अट घातली. अमावस्येनंतर पश्चिमेला पहिली बारीक कोर दिसते, तिला आमच्याकडे बीज म्हणतात. मामा दर बीजेला गच्चीवर जातात, कोर दिसली की सदऱ्याच्या कडेचा एक धागा ओढतात आणि ती दशी चंद्राला वाहतात. जुनं घे, नवं दे. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कडा उंदरांनी वाचल्यासारख्या दिसतात. मामी म्हणाल्या, "ज्या फागुनमा बीज तुम्हले दखायनी नही, त्या फागुनमा होयी बंद. डोंगरमा मी तुम्हले धाडाव नही."

या फाल्गुनात बीजेच्या दिवशी मी सहज म्हणून गेलो होतो. (सहज म्हणजे मामी त्या दिवशी शेवभाजी करतात.) सूर्य मावळला आणि मामा जिन्याकडे निघाले. मामींनी मला खुणेने बोलावलं. "जवाईबापू, तुम्ही संगे जा. साक्षीदार." बावीस वर्षं मी परीक्षेत पर्यवेक्षण केलंय, छाती फुगवून वर गेलो.

जिना चढताना मामांनी भिंत धरली होती. गच्चीवर आले, पश्चिमेकडे तोंड केलं, आणि जरा वेळाने त्यांचा हात वर गेला. "ते देखा! दखायनी का? केसना मायक बारीक शे!" मी त्यांच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. तिथे मोबाईलच्या टॉवरचा लाल दिवा होता.

कोर मला दिसली होती. आयुष्यात पहिल्यांदा, मामांच्या आधी, मला चंद्र सापडला होता. टॉवरच्या बराच उजवीकडे, केळीच्या बागेवर, तापीतल्या डोंग्यासारखा आडवा पडलेला. वर्गातल्या त्या मोसंब्याचा, शेळीचा, पंचांगकर्त्याचा सगळा सूड माझ्या जिभेच्या टोकावर आला. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मामांनी सदऱ्याच्या कडेला बोटं लावली. धागा काही त्यांना सापडेना. ते कड चाचपत राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, "कशी शे, जवाईबापू? आडी का उभी?"

"आडवी," मी म्हणालो. "डोंग्यासारखी. दोन्ही टोकं वर."

"फागुननी आडीच ऱ्हास," ते म्हणाले. धागा निघाला. त्यांनी तो त्या लाल दिव्याला वाहिला आणि हात जोडले. मीही जोडले. मोबाईलच्या टॉवरला मनोभावे नमस्कार करणारा जिल्ह्यातला मी पहिलाच भूगोल शिक्षक असेन.

खाली मामी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "खरं सांगा. दखायना का चांद?"

लग्न असो, सत्कार असो, निरोप समारंभ असो, माइक हातात आला की मी पाऊण तास सोडत नाही. त्या क्षणी मला एकच शब्द सुचला. "दिसला," मी म्हणालो. कुणाला, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मामी जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "मंग लई जा त्यास्ले तुम्हीच," त्या म्हणाल्या आणि शेवभाजी वाढायला गेल्या.

तर पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच घाटात होतो. मागच्या सीटवर गुळाची ढेप, डाळ्या, साखरेचे हार, शेजारी मामा. या खेपेला गाव भरलेलं होतं. अंगावर राखेचे ठिपके काढलेले तरुण, कमरेला घुंगरू, डोक्यावर हातभर उंच मोरपिसांचे टोप. ढोल असा वाजत होता की बरगड्यांत ऐकू यावा; वाजवणारे दमले की दुसरा ढोल पुढे येई. जामसिंगदादा गर्दीतून सरळ आमच्याकडे आले. त्यांनी मामांचा चेहरा एकदाच पाहिला, आणि हात हातात घेतला तो सोडलाच नाही. "भाऊ, तुम्ही उनात. आते होयी पेटाडूत," मामा आले, आता होळी पेटवू, एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे पाहून मात्र हसले. "शेळीवाला गुरुजी हाऊच का?" म्हणजे माझी कीर्ती डोंगरातही पोचली होती.

भाकरी खाऊन झाल्यावर दोघांचा जुना वाद सुरू झाला. आज चंद्र कुठून निघणार? जामसिंगदादा म्हणाले, सागाच्या झाडांमागून. मामांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं, तोंड पूर्वेला वळवलं, आणि म्हणाले, "नही. दोन टेकडीस्ना मधनी खाच शे ना, तठून. ढोल बदलाना आगोदर."  एवढी माणसं भोवती, आणि आता खोटं बोलायलाही सोय नाही. मी त्या खाचेकडे असा बघत राहिलो, जसा निकालाच्या दिवशी मुलांचे बाप शाळेच्या फाटकाकडे बघतात.

आधी खाचेत नुसता उजेड साचला. मग एका बाजूने किंचित झिजलेला, तांबूस चंद्र तिथूनच वर आला, सागाच्या झाडांना चांगला हातभर बगल देऊन. ढोल अजून तोच होता.

"कोठून निंघना?" मामांनी मला विचारलं.

"तुम्ही सांगितलं तिथूनच, मामा."

"खरं?"

"शप्पथ."

जामसिंगदादा कपाळावर हात मारून म्हणाले, "हारनू भाऊ, हारनू!" मामा इतके हसले, इतके हसले, की मी तोंड फिरवून साखरेचे हार मोजायला लागलो. पाच होते.

परत आल्यावर मी मामींपुढे मान खाली घालून कबुली द्यायला उभा राहिलो. माझं प्रास्ताविक चालू असतानाच त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मले बी डोया शेत. अंगनमाईन देखं मी. टावरना दिवाले दशी दिन्ही त्यास्नी." मी थक्क. "मग जाऊ कसं दिलं?" मामी गवार निवडत होत्या. शेंगेचं टोक मोडत म्हणाल्या, "'नका जाऊ' म्हनता येस नही, आनि एकलं धाडता येस नही. तुम्ही खोटं बोलनात, म्हनीसन तुम्हले संगे जानं पडनं." म्हणजे साक्षीदार म्हणून वर गेलेला मी प्रत्यक्षात वाहनचालक म्हणून नेमला गेलो होतो, आणि नेमणूक कायम स्वरूपाची होती.

आता दर बीजेला, सूर्य मावळला की माझा फोन वाजतो. "दखायनी का?" मी शहाद्याच्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि केबलच्या वायरींमधून, टक्कल पुसत पश्चिमेला उभा असतो. चैत्रात मी आळस केला, खुर्चीतच बसून मोबाईलवरच कोर पाहिली आणि म्हणालो, "दिसली, मामा, छान आहे." पलीकडे मामांचा प्रश्न तयार होता: "मोबाईलमा का आभायमा?" मी चप्पल न घालता जिना चढलो.

वैशाखातली बीज म्हणजे आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. गल्लीत झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. आणि आभाळ धुळीने असं भरलेलं, की सूर्यसुद्धा मावळला की विझला, कळेना. फोन वाजला. मी बराच वेळ पाहिलं. टाकीच्या डावीकडे, उजवीकडे, वायरींच्या वर, खाली. मामा पलीकडे थांबले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दिसली" म्हणणं किती सोपं होतं. ती तिथे होतीच, धुळीमागे.

"नाही मामा," मी म्हणालो. "नाही दिसली."

"नही ना?" त्यांचा आवाज एकदम खुलला. "मलेबी वाटनं, धूय शे. आते तुम्हले देखता येवाले लागनं, जवाईबापू."

फोन ठेवल्यावर मी उगाच सदऱ्याची कड चाचपली. टेरिकॉटचा सदरा, धागा काही सुटेना. आताशा बायको मला सुती सदरे आणते.