डाव्या चाकावरची तीन बोटं

उभ्या परभणी जिल्ह्यात माणसाचं वजन नुसत्या नजरेनं सांगणारा एकच माणूस आहे, आणि ते माझे साडू आहेत. मधल्या काळात तर हे गृहस्थ रिकाम्या जागेचंही वजन सांगायला लागले होते, आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला मी त्यांच्यापुढे मुकाट उभा राहायचो. सेलूच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी हयात गेली. कापसाची गाडी फाटकातून वळली की काट्यावर चढायच्या आधीच ते आकडा बोलून मोकळे. ही खोड पुढे घरात शिरली. पाहुणा उंबऱ्याबाहेर चपला काढतोय तोवर आतून आवाज यायचा, "या, या. दिवाळीपासून चार किलो वाढलाव." मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, "अठ्ठावन्न" एवढंच म्हणाले. आता मी ब्याऐंशी भरतो, आणि मधला प्रत्येक किलो त्यांनी मला चारचौघांत ऐकवलेला आहे.

त्यांची गाडी उंच होती आणि अक्कांचे, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, गुडघे गेलेले. चढताना पायाखाली लाकडी पाट ठेवावा लागे. एकदा भर बाजारात तो पाट सरकला, अक्का पडल्या आणि चार टवाळ हसले. झालं! पुढच्या आठवड्यात साडूंनी स्प्रिंगा कापून गाडी वीतभर खाली बसवली. कॉलेजची पोरं गाडीभोवती गोळा व्हायची. "काका, लय भारी लूक दिलाय!" "लूक कसला रे? बायकोला चढायला तकलीफ व्हायली." गाडीचं पोट मात्र प्रत्येक गतिरोधकाला घासायचं, म्हणून अक्का सोडून बाकी सगळ्यांना ते खाली उतरवत. सोयऱ्यांच्या लग्नाला निघालो की आम्ही पैठण्या नेसलेल्या बायकांसकट निम्मा रस्ता पायीच जात असू.

गाडी बसली तशी पुढची चाकं वरून आत झुकली. टायर बाहेरून नवेकोरे दिसायचे आणि आतल्या कडेला तार बाहेर आलेली. यंत्रावर नेऊन चाकं सरळ करून आणली, तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कारण साडूंच्या लक्षात आलं: दुकानात गाडी रिकामी असते, रस्त्यावर नसते. "कंप्युटरला काय म्हाईत आत कोण बसणार हाय?" मग त्यांनी अंगणात शहाबादी फरशी टाकली, नळीत पाणी भरून तिची पातळी काढली, आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन स्वतःच कामाला लागले. अंगणातली ती फरशी आरशासारखी सपाट होती. घरातलं सांडलेलं पाणी मात्र न चुकता देवघरात जायचं, तिकडे त्यांनी कधी बघितलं नाही. ड्रायव्हरच्या जागी ते स्वतःच्या वजनाइतकं ज्वारीचं पोतं ठेवत, डावीकडे अक्का बसत, मांडीवर सुपात डाळ निवडत. खालून आवाज यायचा, "हालू नको गं." वरून उत्तर, "बसले की मी. तुमी करा निवांत." अक्का बसल्या की डावं चाक आणि वरचा पत्रा यांच्यात दोन बोटं मावायची, उतरल्या की तीन. दोन बोटांवर ओळंबा लावून त्यांनी बोल्ट आवळले, आणि तेव्हापासून टायर थापलेल्या भाकरीसारखे सगळीकडून सारखे झिजायला लागले.

मग अक्का गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं.

साडू रडले नाहीत. गाडी घेऊन फिरत राहिले. एका दुपारी मला अंगणात बोलावून म्हणाले, "गुरुजी, डाव्या टायरवरून हात फिरवा." मी फिरवला. "एकटा मानूस चालवायला, डावी बाजू हलकी. मंग चाक वरून बाहेर कलंडाया पायजे, बाहेरची कड खाल्ली जाया पायजे. खाल्ली का?" नव्हती खाल्ली. टायर सारखा होता. मी म्हणालो, रस्त्याला डावीकडे उतार असतो, भार तिकडे जातो. "रस्ता आधीबी तसाच होता की," ते शांतपणे म्हणाले, "ती उतरलीच न्हाई, गुरुजी. आजबी चौपन्न किलो हाय तिथं." मी चाकाशी बोटं लावून बघायला हवी होती. नाही लावली. धीर झाला नाही, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही असा कायदाच झाला. मी मागे बसायचो. पाथरीच्या अलीकडे एक पेरूवाली बाई बसते, तिथं अक्कांना नेहमी थांबायचं असे. तिथं साडूंनी एकदा स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. "बघा." गाडी आपली आपण डावीकडे सरकत गेली आणि हळूहळू पेरूंच्या पाटीसमोर थांबली. बाईनं सवयीनं डाव्या खिडकीतून दोन पेरू आत धरले, सीटकडे पाहिलं, आणि तिचा हात तसाच राहिला. "रस्त्याचा उतार," मी म्हणालो.

या सगळ्याला मी एक वेळ हसलोही असतो, पण माणूस हातचा चालला होता. परभणीला आमच्या दारात यायचे आणि गाडीतून उतरायचे नाहीत. "तिला एकटीला सोडून कसं येऊ?" भर वैशाखात काच खाली करून गाडीतच चहा प्यायचे. जेवण गाडीत, दुपारची झोप गाडीत. गालफडं बसली. माझी बायको सुमन खिडकीशी ताट धरून उभी राहायची आणि आत येऊन रडायची. "अक्का गेली, आता दाजीपण जायलेत," म्हणायची.

टायरच शेवटी कामाला आले. सारखे झिजले तरी झिजलेच ते. चारही गुळगुळीत झाले. सुमननं बजावलं, "नवे टाका, न्हाईतर मी सेलूला येऊन गाडीसमोर झोपते." नवे टाकले. नवे टाकले म्हणजे चाकं पुन्हा ओळंब्याला लावणं आलं, आणि डावीकडे भार बसवणं आलं. सेलूच्या त्या फरशीवर मी पुढे झालो तर साडू वैतागले, "तुमी ब्याऐंशी हाव, बाजूला व्हा!" मग ते सुमनकडे बघत राहिले, फार वेळ. "चौपन्न," ते पुटपुटले. बहिणी-बहिणींचं वजन एक भरलं होतं.

सुमन डाव्या सीटवर बसली. पोतं उजवीकडे. बारा वाजलेले, अंगणात चिटपाखरू नाही. साडू ओळंबा घेऊन चाकाखाली शिरले. बराच वेळ नुसता पान्ह्याचा आवाज. मग सवयीनं खालून आलं, "हालू नको गं."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मग थेट अक्कांच्या सुरात ती म्हणाली, "बसले की मी. तुमी करा निवांत."

पान्हा थांबला. शेवटी साडू बाहेर आले. तोंडभर धूळ आणि धुळीत दोन ओल्या रेघा. सुमनला म्हणाले, "उतर, सुमन." ती उतरली. त्यांनी चाकावर बोटं लावली, मग माझा हात धरून माझी लावली. दोन. सुमन माझ्या शेजारी उभी होती, सीट रिकामी होती, आणि बोटं दोनच मावत होती.

खूप वेळ बसून राहिलं की खालची रबरं अडकून बसतात, गाडी लगेच वर येत नाही. हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. तरी मी बोटं तिथून काढली नाहीत. साडूंनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि हलकेच दाबला. "उतर गं आता," ते म्हणाले, "लय बसलीस. गुडघे अवघडले असतील." गाडी खालून कण्हल्यासारखी करकरली आणि सावकाश, अगदी सावकाश, डावीकडून वर आली. तीन बोटं.

"उतरली," साडू म्हणाले, आणि फरशीवर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाकं पुन्हा लावली, एका माणसाच्या वजनाला.

आता ते आमच्याकडे येतात तेव्हा घरात येतात, पंख्याखाली बसून दोन कप चहा पितात आणि माझं वजन शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगतात. गाडी सरळ जाते. पेरूवालीपाशी ती आपणहून वळत नाही, ते हातानं वळवतात. ते चहा पीत असले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो आणि कुणी बघत नाही असं पाहून डाव्या चाकावर बोटं लावतो. दर वेळी तीन भरतात. भरायलाच पाहिजेत. तरी भरली की मला जरा वाईट वाटतं.